येना

माझी मावशी फोनवर लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. ज्या पट्टीवर अक्षरच छापलेले नाही ती दाबायची कशाला, असे तिचे मत आहे. त्यामुळे तिचे निरोप 'पायदुखतोय', 'औषधघेतले', 'दिवेगेले' असे एका दमात बोलल्यासारखे येतात आणि वाचताना मलाही तो दम धरावा लागतो. गेली दोन-तीन वर्षे तिला झोपेचा त्रास आहे. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास 'झोपयेना' एवढाच निरोप येतो आणि मी काहीतरी उत्तर देते. त्या उत्तराने झोप येत नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक असते, पण आणखी कोणीतरी जागे आहे एवढे तिला कळते. त्या रात्री निरोपात 'झोप' हा शब्दही नव्हता, नुसते 'येना' होते. मी अंथरुणात पडून एका डोळ्याने ते वाचले, 'येईल' असे उत्तर पाठवले आणि फोन पालथा ठेवून झोपून गेले.

चार दिवसांनी बोलता बोलता ती म्हणाली, "त्या रात्री तू आली नाहीस ते." मला कळेना. मग उलगडा झाला. तिने 'ये ना' असे लिहिले होते. तिच्या घरापासून माझे घर चालत पाच मिनिटांवर आहे, आणि तिला बोलायला कोणीतरी हवे होते. "नाही नाही ते विचार यायला लागले गं," एवढेच तिने त्याचे कारण सांगितले. मी 'येईल' असे उत्तर दिले होते, म्हणजे झोप येईल. तिने मात्र ते 'येईन' असे वाचले. "हल्ली सगळेच 'मी येईल' म्हणतात, मला वाटलं तूही त्यांच्यातली झालीस," असे म्हणून तिने नाक मुरडले. बाहेरचा दिवा लावून आणि दाराची कडी काढून ती साडेबारापर्यंत खुर्चीत बसून होती. मी आले नाही याबद्दल तिची तक्रार नव्हती; तिची सगळी नाराजी त्या 'ल' वर होती.

माझ्या व्याकरणावर तिने भरवसा ठेवला असता, तर ती त्या रात्री लवकर दिवा मालवू शकली असती.

इथे 'ध' चा 'मा' करायलाही कोणी नव्हते. अक्षरे दोनच होती आणि दोन्ही जागच्या जागी होती. हरवली होती ती फक्त त्यांच्यामधली जागा, आणि ती न सोडल्याबद्दल मावशीला दोष देण्याची सोय नाही, कारण तिची संगत फार जुनी आहे. मोडी लिहिणारे कारकून शब्दांमध्ये जागा सोडत नसत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायची. संस्कृतची जुनी हस्तलिखिते तशीच सलग आहेत. रोमनांनीही कित्येक शतके लॅटिन असेच सलग लिहिले. वाचणारा ओठ हलवत वाचत असे, आणि शब्द कुठे तुटतो हे डोळ्यांच्या आधी कानाला कळत असे. मावशीचा निरोप मी मोठ्याने वाचला असता तर कदाचित मलाही कळले असते. पण अंथरुणात एका डोळ्याने वाचणाऱ्या माणसाला कान नसतात.

त्या दिवसापासून 'न' हा वर्ण माझ्या मागे लागला. 'नये', 'येना' आणि 'ये ना' हे तीन प्रयोग मी कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले. तिन्हींत येणे हे एकच क्रियापद आहे आणि एकच नकार आहे. पुढे कोण उभे आहे आणि मध्ये किती अंतर आहे, एवढाच काय तो फरक. नकार पुढे आला की 'नये' होते. जुन्या मराठीत त्याचा अर्थ सरळ 'येत नाही' असा होता. नेणे, नुरे, नलगे या शब्दांतही नकार असाच क्रियापदाच्या उंबऱ्यात उभा राहून त्याला आत येऊ देत नाही. पुढे 'नये' चा प्रत्यक्ष येण्याजाण्याशी संबंध उरला नाही आणि 'खोटे बोलू नये', 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' असे सांगणारा तो एक वडीलधारा शब्द झाला. नकार मागे गेला की 'येना' होते. नीट लिहायचे तर 'येईना', पण मावशी जसे बोलते तसे लिहिते. 'झोप येत नाही' ही डॉक्टरांना सांगायची माहिती आहे. 'झोप येईना' मध्ये मात्र दीड तास कूस बदलणे आहे, उशी उलटी करून तिची गार बाजू शोधणे आहे, घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरवून पुन्हा पाहणे आहे. दार उघडेना, गाठ सुटेना, नाव आठवेना: या सगळ्यांत माणसाने खटपट केलेली असते आणि वस्तू हट्टाला पेटलेली असते. दाराला, गाठीला आणि झोपेला स्वतःची मर्जी बहाल करण्याची ही सोय मराठीने एका अक्षरात करून ठेवली आहे.

आणि तेच अक्षर जरा लांब सरकून बसले की 'ये ना' होते. नुसते 'ये' ही आज्ञा आहे. तिच्यामागे 'ना' आले की आज्ञा करणारा स्वतःच एक पायरी खाली उतरतो. हा 'ना' आखूड उच्चारला तर आर्जव होते, लांबवला तर लाडीगोडी होते, आणि दात ओठ खाऊन उच्चारला तर धमकीही होते. कागदावर यांतले काहीच उतरत नाही. कागदावर उतरते ती फक्त जागा, तीही सोडली तर.

जागेवरून अर्थ ठरण्याची ही खोड या वर्णाला फार पूर्वीपासून आहे. वैदिक संस्कृतात 'न' चे दोन अर्थ होते. एक आपल्याला ठाऊक असलेला, 'नाही'. दुसरा मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चक्रावून टाकणारा आहे: 'सारखा', 'प्रमाणे'. ऋग्वेदात 'दुर्मदासो न सुरायाम्' असे शब्द येतात. आजच्या कानाला वाटते की कोणीतरी झिंगलेले नाहीत असे सांगितले जात आहे. अर्थ आहे, सुरेने झिंगलेल्यांसारखे. यास्क या प्राचीन भाषापंडिताने वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या 'निरुक्त' या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. बोलीभाषेत 'न' निषेधासाठी येतो, वेदांत मात्र दोन्हींसाठी येतो, असे सांगून तो ओळखण्याची खूणही देतो. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी 'न' येतो, आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर. पुढे बसला तर नकार, मागे बसला तर साम्य. यास्काची ही ओळ वाचताना मला आमच्या 'नये' आणि 'येना' ची आठवण होणे अपरिहार्य होते. एखादी गोष्ट दुसऱ्यासारखी आहे असे म्हणताना ती गोष्ट ती नव्हे हेही आपण सांगतच असतो, आणि उपमेतला 'न' त्यातूनच आला असावा, असा तर्क करणारेही आहेत. मला तो पटतो, कारण पटावासा वाटतो.

संस्कृतच्या दूरच्या नात्यातल्या लॅटिनमध्येही हाच खेळ दिसतो. तिथे 'ने' पुढे जोडला की नकार होतो: 'स्किओ' म्हणजे मला माहीत आहे, 'नेस्किओ' म्हणजे मला माहीत नाही. आपल्या 'नेणे' चाच हा सख्खा भाऊ म्हणावा, इतका हा जोड सारखा आहे. आणि तेच 'ने' क्रियापदाच्या शेपटीला लावले की प्रश्न होतो. 'वेनिस' म्हणजे तू येतेस. 'वेनिस्ने' म्हणजे येतेस का? शब्दांत जागा न सोडणाऱ्या त्या काळात एखाद्या रोमन मावशीने मेणाच्या पाटीवर हे खरडून पाठवले असते, तरी तिच्या भाचीची पंचाईत झाली नसती, कारण लॅटिनमध्ये न येण्यासाठी 'नोन वेनिस' असा वेगळा प्रयोग आहे. मला जरा हेवा वाटला.

हा 'न' नकारासाठीच का निवडला गेला असेल, याचा विचार ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने केला होता. १९१७ साली त्याने नकारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. किळस किंवा नावड व्यक्त करताना माणूस नाकाचे स्नायू आवळतो, आणि त्या आवळण्यातून निघणाऱ्या आवाजातच या 'ने' चे मूळ असावे, असे त्याने त्यात सुचवले. नाक मुरडणे हा वाक्प्रचार त्याला ठाऊक असता तर त्याने तो नक्की पुरावा म्हणून दिला असता. कल्पना गोड आहे, पण जगभर ती चालत नाही. अरबीत नकार 'ला' आहे, तुर्कीत 'हायिर', फिनिशमध्ये 'एइ', तमिळमध्ये 'इल्लै', आणि यांपैकी कोणीही नकाराची सुरुवात नाकातून करत नाही. उलट जपानीतला 'नाइ' आणि हंगेरियनमधला 'नेम' आपल्याशी काहीही नाते नसताना आपल्यासारखे दिसतात. फिनिशची गंमत तर वेगळीच आहे. तिथला नकार हे चक्क क्रियापद आहे आणि ते पुरुषाप्रमाणे बदलते: मी असेन तर 'एन', तू असशील तर 'एत', तो असेल तर 'एइ'. इंग्रजी माणसाला हे विचित्र वाटते. 'नाही, नाहीस, नाहीत, नव्हतो, नव्हतीस' असे बोलत लहानाची मोठी झालेल्या मला त्यात घरच्यासारखेच वाटले.

येस्पर्सनचे दुसरे निरीक्षण मात्र पक्के आहे. नकाराचा शब्द फार लहान असतो, बोलण्याच्या घाईत तो ऐकू येईनासा होतो, मग लोक त्याला टेकू देतात, आणि काही काळाने टेकूच घरमालक होऊन बसतो. फ्रेंच हे त्याचे ठळक उदाहरण. आधी क्रियापदापूर्वीचे 'न' पुरेसे होते. मग 'मी एक पाऊलही चालत नाही' अशा बोलण्यातून 'पा' म्हणजे पाऊल हा शब्द नकाराच्या सोबतीला आला. त्याच काळात 'मी' म्हणजे पावाचा कण आणि 'गूत' म्हणजे थेंब हे शब्दही तसेच वापरले जात. आपण तिळमात्र किंवा कणभर म्हणतो तसे. कण आणि थेंब मागे पडले, पाऊल टिकले आणि चालण्याशी संबंध नसलेल्या वाक्यांतही शिरले. आज बोली फ्रेंचमध्ये मूळचा 'न' बहुतेक वेळा गळून जातो आणि एकटे पाऊलच 'नाही' म्हणते. इंग्रजीतला 'नॉट' असाच झिजून झालेला आहे. मुळात तो 'एकही वस्तू नाही' अशा अर्थाचा अख्खा जोडशब्द होता. 'नो' मध्ये 'न' आणि 'कधी' असे दोन तुकडे आहेत, जर्मन 'नाइन' मध्ये 'न' आणि 'एक'. आपल्याकडे 'रागावलीस का?' असे विचारल्यावर 'छे, मुळीच!' एवढ्यावर उत्तर संपते. त्यात 'नाही' उच्चारलेलाच नसतो, आणि तरीही नकार पोहोचतो. 'मुळीच' ची वाटचाल फ्रेंच पावलाच्या वाटेने चालू आहे की काय, असे मला कधीकधी वाटते.

मराठीत तर या एका घराण्याच्या तीन शाखा पुन्हा एकत्र नांदत आहेत. संस्कृतातून आलेला 'न' आहेच: नास्तिक, नपुंसक, नगण्य. फारसीतून 'ना' आला: नाराज, नापसंत, नाइलाज, नालायक. इराणी आणि भारतीय भाषा हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि त्यांचा नकार दरबारी कागदपत्रांमधून फिरून पुन्हा आपल्या भाषेत चुलतभावासारखा राहायला आला. मग इंग्रजीबरोबर 'नो एंट्री', 'नॉनस्टॉप' आणि 'नॉनसेन्स' आले, म्हणजे तिसरा भाऊ. शाळेत नञ् तत्पुरुष समासाची उदाहरणे पाठ करताना 'नास्तिक' आणि 'नापसंत' एका रांगेत लिहिले तेव्हा, हे दोन 'न' वेगवेगळ्या वाटांनी येऊन माझ्या वहीत भेटले आहेत, हे कोणी सांगितले असते तर तो तास मला आवडला असता. 'ना हरकत प्रमाणपत्र' हा शब्दप्रयोगही मला या दृष्टीने फार मजेशीर वाटतो. नुसती परवानगी देण्याऐवजी, आडकाठी नसल्याचे लिहून द्यायचे. नन्नाचा पाढा म्हणणाऱ्या कचेरीकडून मिळू शकणारा हा सर्वांत मोठा होकार असावा.

मात्र 'ने' ऐकला की सगळीकडेच दार बंद झाले असे समजू नये. काही वर्षांपूर्वी कामाच्या एका व्हिडिओ बैठकीत एक कोरियन बाई आमचे बोलणे ऐकताना मधूनमधून 'ने, ने' असे म्हणत होत्या. माझ्या प्रत्येक वाक्यावर एक नकार येतो आहे असे वाटून मी अधिकाधिक खुलासे करत गेले, आणि त्या अधिकाधिक उत्साहाने 'ने, ने' म्हणत गेल्या. कोरियन भाषेत 'ने' म्हणजे होय, हे मला बैठक संपल्यावर कळले. ग्रीकमध्येही होकाराला 'ने' असाच उच्चार आहे. बल्गेरियनमध्ये मात्र 'ने' म्हणजे नाहीच, पण ते म्हणताना तिथली माणसे पूर्वापार आपल्या होकारासारखी मान खालीवर हलवतात. चेक माणूस बोलताना 'नो' म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा होकारच देत असतो. रशियनमध्ये हातातली वस्तू पुढे करताना 'ना' म्हणतात, म्हणजे 'हे घे'. ग्रीकमध्ये बोट दाखवून 'ना' म्हणतात, म्हणजे 'हे बघ'. यांतल्या कित्येकांचा आपल्या 'न' शी रक्ताचा संबंध नाही, आणि अशा निव्वळ योगायोगांवरून मोठे सिद्धांत रचणाऱ्यांची मला भीतीच वाटते. तरी 'ना' म्हणत पुढे आलेला तो रशियन हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

कारण आमचा 'ना' ही तसाच हात पुढे करतो. 'बरी आहेस ना?', 'पोहोचलीस ना?', 'मी सांगितलं होतं ना?' यांतल्या कशातही नकार नाही, आणि तरी नकाराचाच शब्द आहे. इतर भाषाही हेच करतात. पोर्तुगीज लोक 'नाही का' या अर्थाच्या दोन शब्दांचा आळस करून 'ने' करतात आणि वाक्यामागे लावतात. उत्तर जर्मनीतली माणसेही 'ने?' म्हणून समोरच्याची संमती घेतात, गुजराती माणसे 'आवशो ने?' म्हणतात. जपानी 'ने' चे मूळ वेगळे आहे, पण काम अगदी तेच आहे. मला यात एक सभ्यता दिसते. मी एक गोष्ट म्हणते आणि तिच्या शेवटी नकाराचा शब्द ठेवून देते. तुला पटले नाही तर तो उचल, तुझ्या हाताशीच आहे. बहुतेक वेळा समोरचे माणूस तो उचलत नाही, उलट 'हो ना!' म्हणते. होकार आणि नकार शेजारी ठेवून मराठी माणूस जो होकार देतो तो नुसत्या 'हो' पेक्षा कितीतरी मोठा असतो. मावशीच्या 'येना' मध्येही हा नकार ठेवलेला होता. मी नाही म्हणू शकले असते, आणि तिने दिवा मालवला असता. पण मी नाही म्हटले नाही आणि हो ही म्हटले नाही. मी झोपेच्या वतीने उत्तर दिले.

हे सगळे मी मावशीला सांगितले नाही. यास्क आणि येस्पर्सन यांना तिच्यापुढे उभे करण्यात अर्थ नव्हता. मी फक्त तिच्याशेजारी बसून ती लांब पट्टी दाखवली आणि दोन शब्दांमध्ये ती एकदा दाबायची असे सांगितले. तिने तर्जनीने ती दाबून पाहिली. काहीच उमटले नाही. "मग हिने झालं काय?" असे तिने विचारले. मी म्हटले, "जागा झाली." हे तिला कितपत पटले ते कळले नाही, पण माझा शब्द मोडायचा नाही म्हणून ती आता प्रत्येक अक्षरानंतर पट्टी दाबते. तिचे निरोप 'औ ष ध घे त ले' असे येऊ लागले, आणि एका दमात वाचण्याऐवजी मी आता पायऱ्या चढल्यासारखी थांबत थांबत वाचते.

परवा रात्री पावणेअकराला निरोप आला: 'ये ना'.

मी दोनदा वाचला. मधली जागा होती, पण ती आता सगळीकडेच असते. मग चपला घातल्या आणि निघाले. बाहेरचा दिवा बंद होता. दोनदा कडी वाजवल्यावर मावशीने दार उघडले. खांद्यावर शाल, डोळ्यांवर चष्मा नाही, केस मोकळे. माझ्याकडे पाहून ती दचकलीच. "अगं, काय झालं? एवढ्या रात्री?" मी फोन पुढे केला. तिने तो लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला. "झोप येना म्हणून लिहीत होते, आधीचं कुठे गेलं कोण जाणे," ती म्हणाली. मी परत फिरणार, तोच तिने दार आणखी उघडले आणि खुर्चीवरची घडी केलेली चादर उचलून बाजूला ठेवली.

"आलीच आहेस, तर बस ना."